केवळ धंद्यासाठी

महाडच्या बाजारपेठेत भर दुपारी एक वयस्क गृहस्थ मध्येच थांबतात, कडेला होतात, पायातल्या वहाणा काढून पिशवीत ठेवतात, पिशवीतून दुसऱ्या काढून पायात सरकवतात आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागतात. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं होतं की पुढं पुढं मला त्यात वेगळं काही वाटेनासं झालं. दुकानदारांनाही नाही. परगावचा माणूस असला तर तेवढा वळून बघायचा.

पिशवीत गेल्या त्या धंद्याच्या वहाणा, पायात आल्या त्या घरच्या. जमिनीच्या कामानं बाहेर पडायचं ते धंद्याच्या वहाणा घालून. काम उरकलं आणि परतताना देवळात डोकवावं किंवा कुणा मित्राकडं पानाला बसावं असं मनात आलं, की तिथल्या तिथं वहाणा बदलायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, देऊळ तर हे समोर. एवढ्या चार पावलांसाठी कशाला?"

"वहाणा झिजतात त्या पावलांनीच झिजतात ना?" काका म्हणाले आणि वाकून पट्टा सारखा करू लागले.

ते माझे नात्यानं कुणीच नव्हते. वकिलीची परीक्षा देऊन मी महाडला आलो तेव्हा त्यांच्या घराची ओटीलगतची खोली मला भाड्यानं मिळाली. तीच माझी कचेरी आणि तेच माझं बिऱ्हाड. ते जमिनींची दलाली करत. महाडपासून पोलादपुरापर्यंत आणि वर वरंधच्या घाटाखालपर्यंत कुणाला शेत घ्यायचं असलं, द्यायचं असलं, मुंबईहून येऊन घर बांधायला जागा हवी असली, की माणसं त्यांना गाठत. उंच, काटक शरीर, गळाबंद कोट, काळी टोपी आणि बारा महिने काखेत छत्री. आवाज मात्र इतका हळू की समोरच्याला पुढं झुकावं लागे. त्यांना मूल नव्हतं. मी महिन्याभरात त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू, आणि दोघांनीही ते बिनतक्रार चालवून घेतलं.

दलाल म्हटलं की माणूस गोड बोलणारा असणार अशी माझी समजूत होती. काकांनी ती पहिल्याच पावसाळ्यात मोडली. मुंबईचे एक व्यापारी पोलादपूरच्या रस्त्याला बंगल्यासाठी जागा बघायला आले होते. मला त्या बाजूला काम होतं म्हणून मीही बरोबर गेलो. जागेवर पोचल्यावर काकांनी छत्रीच्या टोकानं आंब्याचा बुंधा दाखवला.

"इथवर नदीचं पाणी येतं. दरवर्षी नाही, पण येतं. त्या बाजूचा शेजारी भांडकुदळ आहे, बांध सरकवतो. तो मेला तर मुलगा सरकवील. विहिरीचं पाणी वैशाखात गढूळ होतं. साप आहेत."

एवढं बोलून त्यांनी छत्री पुन्हा काखेत घेतली. व्यापारी वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही जागा विकताय की मला हाकलून देताय?"

"मी दाखवतोय," काका म्हणाले. "विकणारे ते तिकडं उभे आहेत."

त्यांचा दुसरा नियम असा की जमीन दोनदा बघितल्याशिवाय सौदा करायचा नाही. एकदा उन्हाळ्यात, एकदा श्रावणात. ते म्हणत, "वैशाखात सगळ्याच जमिनी भिकार दिसतात आणि श्रावणात सगळ्याच देखण्या. दोन्ही बघून जो घेईल तो मागाहून मला शिव्या देणार नाही." काहींना एवढा धीर नसे. ते दुसऱ्या दलालाकडं जात. जे टिकून राहत ते पुढं आपल्या मेहुण्याला, व्याह्याला घेऊन पुन्हा काकांकडंच येत. ते व्यापारीही श्रावणात परत आले आणि जागा घेऊन गेले. बंगला मात्र त्यांनी आंब्यापासून बराच वर, उंचवट्यावर बांधला.

पण काकांच्या धंद्यातली खरी वेगळी गोष्ट म्हणजे राहीबाई.

राहीबाई कापडे गावच्या. शेतकरी घरातल्या, विधवा. दिराच्या घरात राहत. काकांची आणि त्यांची गाठ पडली ती मी महाडला यायच्या आधी, पण ती हकिगत काकूंनी मला इतक्या वेळा ऐकवली आहे की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. कापड्याचा एक माणूस मुंबईत कामाला होता. रजा काढून आला आणि आपलं भाताचं शेत विकायला काढलं. गिऱ्हाईक ठरलं, किंमत ठरली, खरेदीखत लिहून झालं. नोंदणीच्या दिवशी काका आणि घेणारा कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिले. विकणारा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी काका चालत कापड्याला गेले. बघतात तो त्या माणसाची म्हातारी आई उंबऱ्यावर आडवी बसलेली. बोलत नव्हती, रडत नव्हती, नुसती बसली होती. आणि मुलगा काही तिला ओलांडून बाहेर पडायला धजत नव्हता. काका तसेच मागं फिरले आणि बांधावर टोपी काढून बसले. शेजारच्या शेतात एक बाई तण काढत होती.

"भेटला नाय ना मानूस?" ती खाली मान घालूनच म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"म्हातारी पान्यावर येती तवा रोज बोलती. त्या शेताचे बांध तिनं न् तिच्या घोवानं दोघांनी घातलेत. लेकानं तिला सांगितलंसुदिक नाय."

"मग हे मला कुणी बोललं कसं नाही?"

"तुमी कोनाला इचारलंत?" बाईनं आता मान वर केली. "पुरुषांना इचारलंत."

काका सांगत की त्या बांधावर त्यांना आपल्या आयुष्यातले सगळे फसलेले सौदे एकापाठोपाठ एक आठवले. त्यांनी त्या बाईला विनंती केली, म्हातारीला एवढं विचारून या की तिचं नक्की म्हणणं काय आहे. राहीबाई विळा खोचून गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. म्हातारीला विहिरीजवळचं एक खाचर जिवंत असेपर्यंत हवं होतं. बाकीचं लेकाला विकायचं तर विकू दे. घेणाऱ्यानं ते मान्य केलं. सौदा झाला. काका पैसे द्यायला गेले तेव्हा राहीबाईंनी विचारलं, "ह्ये कशाचे?"

"कामाचे," काका म्हणाले. "आणि काम पुढंही आहे. येत असाल तर महिन्याला पगार देईन."

तेव्हापासून काका कुठल्याही घरी गेले की राहीबाई बरोबर असत. काका ओटीवर पुरुषांशी बोलत. राहीबाई मागच्या दारानं आत जाऊन चुलीपाशी बसत, तांदूळ निवडू लागत, नाचणी पाखडू लागत. निघायची वेळ झाली की त्या बाहेर येऊन काकांकडं बघत. मान हलली की काका पुढची बोलणी करत. नाही हलली की छत्री उचलून उभे राहत. "आत्ता नको. पुन्हा कधीतरी बघू." घरातले पुरुष आ वासून बघत राहत. त्यांना कारण कळत नसे. काही वेळा ते नंतर कळे आणि ते काकांना मनातून दुवा देत. काही वेळा नुसतेच चिडत.

वहाणांच्या भानगडीला सुरुवात झाली ती इन्कमटॅक्समुळं. त्या सुमारास सरकारनं कराची मर्यादा खाली आणली, आणि ज्यांनी त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं अशा आमच्या गावातल्या पुष्कळांना नोटिसा आल्या. काका ती नोटीस दोन बोटांत धरून माझ्या खोलीत आले. मी पुस्तक काढलं आणि त्यांना समजावून सांगितलं की सगळ्या मिळकतीवर कर नसतो. धंद्याचं उत्पन्न मिळवण्यासाठी केवळ जो खर्च झाला असेल तो वजा होतो.

"केवळ म्हणजे?"

"म्हणजे फक्त त्याचसाठी. घरखर्चाचा त्याच्याशी संबंध नको."

"केवळ," काका स्वतःशीच म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवरच्या खुंटीला तंबाखूच्या दोन चंच्या लटकत होत्या. एक गिऱ्हाइकांसाठी, एक त्यांची स्वतःची. आठवड्यात दुसरी छत्री आली. मग वहाणा. मग ओटीचे दोन भाग झाले. डावीकडं धंद्याची मंडळी, उजवीकडं घरची. घरचा पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं बोलता बोलता एखाद्या जमिनीचा विषय काढला की काका नम्रपणे म्हणत, "तेवढं जरा इकडं सरकून बोलता का?" आणि तो बिचारा पाट उचलून डावीकडं जाई. एकदा काकूंचे सख्खे बंधू असे सरकले ते रुसून जेवायला उठेनात.

धंद्याच्या पाहुण्यांचा चहा वेगळ्या डब्यातून करायचा असंही ठरलं होतं. काकू हो म्हणाल्या आणि एकाच डब्यातून करत राहिल्या. काकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं जग फाटक्या पावत्या जोडून खर्च फुगवत होतं त्या काळात आमचे काका स्वतःच्या तोंडातली तंबाखू हिशेबातून बाहेर काढत होते. मी हसलो की म्हणत, "वकीलसाहेब, सरकारनं आपल्याला एक शब्द दिला आहे. तो वापरायचा तर पुरा वापरावा."

एक-दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग नवे अधिकारी आले आणि त्यांनी खर्चाची दोन कलमं कागदावर लिहून खुलासा मागवला. एक होतं गिऱ्हाइकांना जागा दाखवायला नेण्यासाठी काकांनी पाळलेलं तट्टू. दुसरं, राहीबाई नावाच्या बाईला दिलेला पगार, कशाबद्दल?

तो कागद माझ्या हातात पडायच्या आधी त्यातला मजकूर पेठेत पोचला होता. कसा, ते मला आजवर समजलं नाही. जमिनीच्या दलालाला पगारी बाई कशाला लागते, असं कुणीतरी पानाच्या ठेल्यावर म्हणालं, दुसरा हसला, आणि दोन दिवसांत सगळी पेठ हसू लागली. काकांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण ते वहाणा बदलायला थांबले की आता दुकानांतून खाकरणं ऐकू येई. पोलादपूरच्या बाजारात ते राहीबाईंच्या दिराच्या कानावर गेलं. त्यानं घरी येऊन सांगितलं, वयनी, उद्यापासून महाडची वाट बंद. जायचं असेल तर मग इथं पाय ठेवायचा नाय.

मी वकील म्हणून विचार केला. रक्कम काही मोठी नव्हती. मी काकांना सांगितलं, "पगाराचं कलम काढून टाकू. थोडा कर जास्त पडेल, पण चौकशी तिथंच संपेल. राहीबाईंनाही ताप नको."

काका म्हणाले, "विचारून सांगतो."

त्यांनी आधी काकूंना विचारलं. मी माझ्या खोलीत होतो आणि मधली भिंत फळ्यांची होती. काकूंना पेठेतलं सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ती माझ्या घरात जेवते. तिला मी तुमच्या कामावरून थकून येताना बघते. ते कलम काढलंत तर उद्या विहिरीवर मला विचारतील की मग ती इतकी वर्षं येत होती ती कशाला. मी काय उत्तर देऊ?"

मग काका कापड्याला गेले. दिराच्या घराच्या अंगणात उभं राहून, दिरासमोर त्यांनी राहीबाईंना सगळं सांगितलं. साहेब काय विचारतो आहे, मी काय सुचवलं आहे, काकू काय म्हणतात. दीर खाली बघत उभा होता. राहीबाई म्हणाल्या, "तो सायब मला इचारंल का?"

"तुम्ही आलात तर विचारील."

"मंग मी येते. भावजीपन येतील." त्यांनी दिराकडं बघितलं. "या. कानांनी ऐका. मंग मला घरात ठेवायची का नाय ते ठरवा."

अधिकाऱ्यांचा मुक्काम डाकबंगल्यात होता. सकाळची वेळ. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, सर्दीनं हैराण झालेले. माणूस वाईट नव्हता. वहाणा आणि छत्र्या त्यांनी हसू दाबत मंजूर केल्या. मग तट्टू आलं.

"या तट्टावर तुम्ही बसता?"

"नाही. गिऱ्हाईक बसतं. मी चालतो."

"केवळ धंद्यासाठीच वापरता?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा. काका विचारात पडले. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "नाही हो, खोटं कसं सांगू?" आणि मग साहेबांना, "एकदा घरच्यांना माहेरी पोचवलं होतं. शिमग्यात आळीतल्या पोरांना पण बसवलं."

"तट्टू नामंजूर," साहेब म्हणाले. "आता ही बाई कोण?"

मी उठून बोलायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर केला. काका म्हणाले, "त्या बाहेर बसल्या आहेत. त्यांनाच विचारा."

राहीबाई आत आल्या. पदर सारखा केला आणि रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. दीर दाराच्या चौकटीशी थांबला.

"तुम्ही यांच्याकडं काय काम करता?"

"मी आत जाते."

"आत म्हणजे?"

"घरात. ह्ये भायेर पुरुषांशी बोलतात, मी आत बायकांशी."

"त्यानं काय होतं?"

"मंग कळतं, जमीन खरोखर विकायची हाय का नाय."

"मालक म्हणतो विकायची, म्हणजे विकायचीच असते."

"मालक येकटा पिकवतो व्हय?" राहीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं असावं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "एखादं उदाहरण सांगा."

राहीबाईंनी वरंधच्या दोन भावांचं सांगितलं. भाताचं शेत विकून मुंबईत दुकान टाकायचं थोरल्याच्या मनात होतं. धाकटा त्याच्यापुढं बोलत नसे. घेणारा तयार, किंमत चांगली. राहीबाई आत गेल्या तर धाकट्याची बायको चुलीत फुंकर घालत होती आणि चूल तर चांगली पेटलेली. धुरानं डोळ्यांत पाणी आलंय असं दिसावं म्हणून. त्या शेताला तिच्या माहेरचा सोन्याचा दागिना लागला होता, आणि विकून आलेल्या पैशातलं तिच्या नवऱ्याला काय मिळणार ते कुणीच बोलत नव्हतं. "मी भायेर आले न् मान हलवलीच नाय. ह्ये उठले."

"आणि मग?"

"मंग सा म्हयन्यांनी त्यांनी डोंगराकडची जागा विकली. भाताचं शेत ऱ्हायलं. थोरला गेला मुंबईला. धाकटा शेत करतोय. ती बाय आता हसती."

साहेब काकांकडं वळले. "शेताची दलाली जास्त झाली असती. डोंगराकडच्या जागेची कमी झाली असणार. म्हणजे हिच्यामुळं तुमचं नुकसानच झालं. नुकसान करणाऱ्याला पगार हा धंद्याचा खर्च कसा?"

हा प्रश्न चांगला होता. काका नेहमीप्रमाणं हळू बोलू लागले. साहेबांना पुढं झुकावं लागलं.

"त्या वेळी झालं नुकसान. पण तो सौदा झाला असता तर भावाभावांत कोर्ट लागलं असतं आणि मला साक्षीला उभं राहावं लागलं असतं. पुन्हा वरंधला मला कुणी दारात उभं केलं नसतं. आज त्या बाजूला कुणालाही जागा हवी असली तरी मला बोलावतात. आत घरातून सांगतात, त्यांनाच बोलवा. तिकडचं उत्पन्न मी तुम्हाला दाखवलं आहे. ते यांच्यामुळं आलेलं आहे."

साहेबांनी नाक पुसलं. "हे कलम तुम्ही सरळ काढून टाकू शकला असतात. तुमच्या वकिलांनी सुचवलं नाही?"

"सुचवलं. पण मग यांनी काम केलंच नाही, असं मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं."

साहेबांनी टाक उचलला, दोन ओळी लिहिल्या आणि मला म्हणाले, "पगार मंजूर. पुढच्या वर्षापासून बाईंच्या सहीच्या पावत्या ठेवा."

आम्ही उठलो. तेवढ्यात दारातून दिराचा आवाज आला. "सायबांनी काय लिवलं?"

मी सांगणार होतो, पण साहेबच म्हणाले, "लिहिलं की या बाई या दलालांकडं पगारावर काम करतात."

"पगार म्हनून लिवलं?"

"पगार म्हणून."

दिरानं मान डोलावली. कांबळं खांद्यावर टाकलं. "चल वयनी," तो म्हणाला, "गाडीवाला खोळंबलाय." काकांकडं त्यानं बघितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात राहीबाई कामावर आल्या तेव्हा त्याच्या घरची काकडी घेऊन आल्या. ती कुणी पाठवली हे त्या बोलल्या नाहीत आणि काकूंनीही विचारलं नाही.

पेठेतलं खाकरणं काही एकदम थांबलं नाही. ते हळूहळू विरलं. सहीसाठी काकूंनी राहीबाईंना नाव लिहायला शिकवलं. त्यातला 'ह' त्यांना कधी नीट जमला नाही. आणि तट्टू नामंजूर झाल्याचं काकांना काही दिवस फार लागलं, पण मग एका संध्याकाळी ते मला म्हणाले की एका अर्थी बरंच झालं, बिचाऱ्याला आता कुठल्याही कामाला नेता येईल. त्यानंतर ते तट्टू आळीतल्या सगळ्या पोरांचं झालं. काका स्वतःही पहिल्यांदाच त्याच्यावर बसले. त्याला ते आवडलं नाही.

पुढच्या काही वर्षांत आमच्या भागात मोटारी सुरू झाल्या. पोलादपूरच्या रस्त्याकडेच्या जागांना भाव आला. मुंबईत चार पैसे मिळवलेली माणसं गावाकडं जागा शोधू लागली. नेमक्या त्या वेळी काकांचे गुडघे गेले. आधी वरंधची चढण सुटली, मग पोलादपूर, मग पेठेपलीकडचं सगळंच. वैद्यांनी तेल दिलं. काका ते चोळत ओटीवर बसून राहत आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला कुठं चाललात म्हणून विचारत. मी त्यांना तसं बसलेलं बघू शकत नसे. ज्या माणसानं उभ्या खोऱ्यातला बांध न् बांध पायाखाली घातला होता त्याला आता अंगणातलं तुळशीवृंदावन लांब वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. धंदा बंद करायची गोष्ट त्यांनी माझ्याजवळ दोनदा काढली आणि दोन्ही वेळा अर्धवट सोडली.

राहीबाई मात्र जात होत्या. सुरुवातीला त्या जाऊन येत आणि काकांना सगळं सांगत, आणि गिऱ्हाईक महाडला येऊन काकांशी बोले. मग लोकांना तेवढी फेरी नकोशी झाली. ते राहीबाईंशीच बोलू लागले. आतही त्याच, ओटीवरही त्याच. पुरुष आधी बिचकले. पण प्रत्येकाच्या घरातून त्याच येऊ देत असा निरोप येई, तेव्हा बोलून काय करतील? काकांनी स्वतः होऊन सांगितलं की यापुढं दलाली तुमच्या नावानं घ्या. राहीबाई बरेच दिवस ऐकेनात. शेवटी काकूंनी दम भरला तेव्हा ऐकलं.

एके दिवशी सकाळी राहीबाई ओटीवर आल्या त्या एक कागद घेऊन. मी मधल्या दारात उभा होतो. त्यांनी तो माझ्याकडं न देता काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावला. इन्कमटॅक्सची नोटीस होती. वर राहीबाईंचं पूर्ण नाव, गाव कापडे, आणि धंद्याच्या रकान्यात दलाली.

"भावजी घाबरलेत," राहीबाई म्हणाल्या. "मला कायतरी चांगलंच वाटतंय. चांगलं वाटायचं का घाबरायचं?"

काका पुन्हा पुन्हा तो कागद वाचत होते. घरात लग्नाची पत्रिका यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी "अहो, ऐकलंत का" म्हणून काकूंना आत हाक मारून तो मोठ्यानं वाचून दाखवला. मग माझ्याकडं वळले.

"वकीलसाहेब, यांचे कागद तुम्हीच करा. बैलगाडीचं भाडं वजा करा. तंबाखू त्या देतात, ती वजा करा." ते थांबले. गुडघ्यावरचा हात तसाच राहिला. "आणि रोज संध्याकाळी येऊन त्या मला विचारतात, अमक्याचा बांध कुठून जातो, तमक्याच्या आजोबांनी वाटणी कशी केली होती. मी सांगतो. तर ते, म्हणजे बघा, तुम्हाला योग्य वाटत असेल तर..."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते हसत नव्हते.

राहीबाईंना समजलं. त्या खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाल्या, "मी फुकट कामाला मानूस ठेवत नाय. पगार काय घ्याल ते बोला."

काका काही बोलणार, तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "त्यांना काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोल."

दोघी आत चुलीपाशी गेल्या. आम्ही दोघं ओटीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं राहीबाई बाहेर आल्या आणि काकांकडं बघून त्यांनी मान हलवली.

ती रक्कम मी त्या वर्षीच्या कागदांत लिहिली आणि ती मंजूर झाली. त्यानंतर काका जितके दिवस होते तितके दिवस राहीबाईंच्या नोकरीत होते.